कानबाई नदीच्या अलीकडे

देवीचं गाणं मीच म्हणते, पण यंदा माझ्या डोक्यात देवीपेक्षा डॉक्टरच जास्त होते. कुंदाबाईच्या छातीत दोन स्टेंट बसवलेत. डॉक्टरांनी बजावलं होतं, दगदग नको, नाचणं तर नकोच. आणि आमच्या पिंप्राळ्याच्या गल्लीत कानबाई अंगात येते ती कुंदाबाईच्याच.

गाणं तसं सावकाश सुरू होतं. देवी माहेरून निघते, रान तुडवते, नदी ओलांडते, वेशीत येते, मग दाराशी. कडव्यागणिक ठेका चढत जातो. दाराशी पोचेपर्यंत ढोलकी, टाळ्या, बायका सगळं एक होतं आणि कुंदाबाई केस सोडून घुमायला लागते.

ढोलकी माझी, गाणंही मीच उचलते. म्हणून सोमवारी सकाळी, कानबाईच्या विसर्जनाला निघण्याआधी, मी ठरवूनच बसले होते की देवीला नदी ओलांडू द्यायची नाही. नदीचं कडवं संपलं की परत नदीचंच. बेबाबाईनं विचारलंच, नदीला पूर आलाय का गं कमल? मी म्हटलं, आलाय, तुला पोहता येत असेल तर हो पुढे.

अंगात आल्यावर कुंदाबाईला काय बोलायचं होतं ते मला माहीत होतं. तिची नात मोहिनी अकरावीत. कुंदाबाईच्या पोराने, भूपेंद्रने, आपल्या या पोरीचं लग्न पारोळ्याला ठरवून टाकलं. वयाचं काय ते बघू म्हणाला. पोरगी रडून रडून अर्धी झाली. भूपेंद्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण देवीनं सांगितलं तेव्हा त्याने दारू सोडली होती, ती आजतागायत. सगळं खरं, पण आधी बाई जगली पाहिजे ना!

कुंदाबाई सरकत माझ्याजवळ आली. धुळ्याकडची ती, अजून अहिराणीच बोलते. ढोलकीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "चढाव ना, कमल. बठ्ठा देवीनं ऐकतस. मन्हं कोन ऐकस?"

सगळे देवीचं ऐकतात, तिचं कोण ऐकणार म्हणे! मला असा राग आला! तू मेलीस तर त्या पोरीला कोण, असं मी तिच्या कानात म्हटलंसुद्धा. तिने हात काढला नाही. मग मला रडूच आलं. डोळे पुसले आणि देवीला नदी ओलांडू दिली.

वेशीच्या कडव्याला ठेका वाढला, टाळ्या वाढल्या, कुंदाबाई उठून उभी राहिली आणि तिला धाप लागली. छाती धरून ती खालीच बसली. मी ढोलकी थांबवली. कुणीतरी पाणी दिलं. दोन घोट घेऊन तिने भूपेंद्रकडे पाहिलं आणि आपल्या रोजच्याच आवाजात म्हणाली, "मोहिनीनं लगीन करू नको रे. तिले शिकू दे."

भूपेंद्र देवीपुढे हात जोडून उभा होता. चिडला नाही, उलट समजावल्यासारखं बोलला.

"आई, तू मधे बोलू नको. देवीला बोलू दे."

मोहिनी दारात उभी होती, ती आत निघून गेली. कुंदाबाईनं अंबाडा सोडला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी ढोलकी ओढली आणि वेशीपासून पुढचं कडवं उचललं.