अक्रोडाची चौथी बाजू

खोक्यातून सगळ्यांत आधी दोन छोट्या काठ्या निघाल्या. संजयने त्या उलटसुलट करून पाहिल्या, मग खोकंच पालथं घातलं. लाल-हिरव्या कड्या टेबलावर सांडल्या आणि त्यांतल्या तीन-चार घरंगळत फ्रिजखाली गेल्या.

बोर्ड होता. चौकोनी होता, लाकडी होता, चार कोपऱ्यांना जाळ्याही होत्या. वर ठळक अक्षरांत कॅरम असंच लिहिलं होतं आणि खाली मोठ्या अभिमानाने 'अमेरिकेत बनवलेला'. फक्त नागपुरात ज्याला कॅरम म्हणतात तो हा नव्हता. यावर काठीने कड्या ढकलायच्या होत्या. सोळा वर्षं अमेरिकेत काढलेल्या माणसाने खरेदी करताना फोटो जरा मोठा करून पाहायला हरकत नव्हती, पण नाव दिसल्याबरोबर संजयने बटण दाबून टाकलं होतं.

संजयची आई, यामिनीबाई, खोलीतून आल्या. त्यांनी बोर्डावरून हात फिरवला.

"चांगला आहे की," त्या म्हणाल्या. "भाजी चिरायला होईल."

संजयची बायको शिवांगी ओट्याकडे तोंड करून हसली. संजयला मात्र हसू आलं नाही.

आई एप्रिलमध्ये त्यांच्याकडे, ओहायोतल्या डब्लिनला आली होती आणि ऑक्टोबरच्या मध्यावर परत जायची होती. आल्या दिवशीच तिने सांगून टाकलं होतं, "ही शेवटची खेप हं, संजू. इतका प्रवास आता झेपत नाही." ती स्वयंपाक करायची, मागच्या अंगणात मेथी लावायची, मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना यायची. पण दुपारचं जेवण झालं की तिला काय करावं ते कळत नसे. बेचाळीस वर्षं त्या वेळेला ती आणि बाबा कॅरम खेळले होते. लग्नाआधी ती कॉलेजची चॅम्पियन होती. बाबांना ते ठाऊक होतं आणि तरीही ते रोज जिंकायच्या तयारीने बसत. बाबा गेले, आणि तेराव्यानंतर आईने बोर्ड बिल्डिंगच्या क्लबरूमला देऊन टाकला. संजय त्या वेळी व्हिसाच्या कागदांत अडकला होता. त्याने बाबांचं शेवटचं सगळं फोनवर पाहिलं. त्याबद्दल आईने त्याला कधी अवाक्षरानेही टोकलं नाही, आणि तेच त्याला जड जात होतं.

एकदा तरी आईने बोर्डावर बसावं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याने मग भारतातूनच बोर्ड मागवला. लहानपणी त्यांच्या घरात 'इम्पोर्टेड' हा शब्द आवाज खाली आणून उच्चारला जाई. दुबईच्या मामाने आणलेली साबणाची वडी आईने दोन वर्षं साड्यांच्या कपाटात ठेवली होती. आता ओहायोत बसून इम्पोर्टेड म्हणून मागवायचा तो मेरठचा कॅरम, या गोष्टीची त्याला गंमत वाटली. ड्युटीचा आकडा पाहिल्यावर ती गंमत थोडी कमी झाली.

बोर्ड सप्टेंबरच्या शेवटी आला. संजयने या खेपेला सावकाश, ब्लेडने एकेक पट्टी कापत खोकं उघडलं. आत गवताळ वासाचा पुठ्ठा, त्याच्या आत फोम, आणि फोमच्या आत तीन बाजू धड असलेला कॅरम. चौथी बाजू मधोमध चिरून तिचे दोन तुकडे झाले होते.

"रिटर्न कर ना," शिवांगी म्हणाली.

"करून नवा यायला दोन महिने. आईचं तिकीट बारा तारखेचं आहे."

यामिनीबाईंनी चष्मा वर करून ती चीर पाहिली.

"जाऊ दे रे, संजू. लांबून आलं बिचारं. वाटेत लागलं असेल कुठे."

त्या आपल्या खोलीत गेल्या. जाता जाता पोराचा हिरमोड होऊ नये म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातामुळे त्याला आणखीच वाईट वाटलं.

लॉइडचं नाव शिवांगीला सुचलं. प्लेन सिटीच्या रस्त्याला त्याचं लाकूडकामाचं शेड होतं, आणि त्यांच्या डायनिंगच्या दोन खुर्च्या त्याने दुरुस्त केल्या होत्या. सत्तरीचा उंच, कमी बोलणारा माणूस. संजय शनिवारी बोर्ड घेऊन गेला. त्याने आधीच मनाशी ठरवून टाकलं होतं की लॉइड म्हणेल, हे फेक आणि मी नवीन करून देतो.

लॉइडने बोर्ड पालथा केला, उजेडात धरला, बोटाने प्लायची कड चाचपली.

"पृष्ठभाग उत्तम आहे," तो म्हणाला. "असं सपाट मला नव्याने करता येईल की नाही, शंका आहे. मी फक्त चौथी बाजू करतो. माझ्याकडे अक्रोड आहे, इथल्याच शेतावरचा. पण हे लाकूड काय काम करतं?"

संजयने समजावून सांगितलं. स्ट्रायकर कडेवर आपटून परत यायला हवा.

"किती परत यायला हवा?"

संजयला हे माहीत नव्हतं. त्याने तिथूनच घरी फोन लावला.

"साडेतीन," यामिनीबाई पलीकडून लगेच म्हणाल्या. "जोरात मारला तर साडेतीन वेळा इकडून तिकडे जायला हवा. कमी गेला तर बोर्ड मेलेला. तुला इतकं ठाऊक नाही?"

लॉइडने पेन्सिलने फळीवर साडेतीन लिहून घेतलं. मग तो म्हणाला, "खेळणाऱ्या व्यक्तीलाच घेऊन या. मला हे कळणार नाही."

आई यायला तयार होईना. मी काय सांगणार त्याला, मला कुठे इंग्रजी येतं, माझी बॅग भरायची राहिली आहे. शेवटी शिवांगीने त्यांची शाल आणि पर्स आणून हातात दिली.

"आई, पंधरा मिनिटांचा ड्राइव्ह आहे. तुम्ही नुसतं 'यस' किंवा 'नो' म्हणा."

शेडमध्ये भुशाचा वास होता आणि दारातून ऑक्टोबरचं कोवळं ऊन आत आलं होतं. बोर्ड एका बुटक्या टेबलावर ठेवला होता. तीन बाजू लालसर, मेरठच्या; चौथी गडद तपकिरी अक्रोडाची, कोपरे असे जुळवलेले की बोट फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. समोर लॉइडने खुर्ची ठेवली होती, टेबलाच्या मापाने पाय कापलेली. त्याने संजयला एवढंच विचारलं होतं की आईचे गुडघे कसे आहेत.

लॉइडने आधी बोर्ड उचलून मागची बाजू दाखवली. प्लायवर पेन्सिलने काहीतरी खरडलेलं होतं, आणि त्याभोवतीचा भाग त्याने पॉलिश न करता तसाच ठेवला होता.

"मला हे वाचता येत नाही," तो म्हणाला. "पण बनवणाऱ्याने लिहिलेलं असणार. ते घासून टाकणं बरोबर वाटलं नाही."

यामिनीबाईंनी चष्मा लावला.

"चेक किया, इरफान," त्यांनी वाचलं. मग त्यांनी लॉइडकडे पाहिलं आणि बोटाने त्या नावाखालची मोकळी जागा दाखवली. "यू. हिअर."

लॉइड थोडा घुटमळला. मग कानावरची पेन्सिल काढून त्याने आपलं नाव बारीक अक्षरांत लिहिलं. ही दोन माणसं एकमेकांना कधी पाहणार नव्हती, आणि दोघांनी मिळून त्याच्या आईसाठी एक वस्तू केली होती. त्याबद्दल आभार नेमके कोणाचे मानावेत तेही संजयला कळेना.

लॉइडने खोक्यातला प्लास्टिकचा स्ट्रायकर पुढे केला. यामिनीबाईंनी तो घेतला, तळहातावर तोलला आणि बाजूला ठेवला. मग त्यांनी पर्स उघडली. आतून रुमालाची लहानशी पुरचुंडी काढली आणि तिची गाठ सोडली.

पिवळट पडलेला, कडेला एक टवका उडालेला स्ट्रायकर होता. बाबांचा. तो टवका संजयने ओळखला. आठवीत असताना त्यानेच तो अंगणात आपटून उडवला होता.

"आई, हा तू इथे आणला होतास?"

"पर्समध्येच असतो," त्या म्हणाल्या.

त्या खुर्चीवर बसल्या. बोर्डावर पावडर भुरभुरली, पदराचं टोक कमरेला खोचलं. बोट मागे ओढलं आणि सोडलं. स्ट्रायकर अक्रोडावर आपटला, परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला आणि मध्यावर येऊन थांबला. त्यांनी मनात मोजलं. मग खात्रीसाठी पुन्हा तितक्याच जोरात मारला. लॉइड श्वास रोखून उभा होता.

"यस," यामिनीबाई म्हणाल्या.

लॉइडने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद संजयने खुर्च्यांच्या वेळी पाहिला नव्हता.

त्या दुपारी यामिनीबाईंनी लॉइडला खेळ शिकवला. सोंगट्या रचल्या, फोडायचा मान त्याला दिला. त्याने स्ट्रायकरच भोकात घालवला. मग त्यांनी चार सोंगट्या घेतल्या, राणी घेतली आणि तिच्या पाठोपाठ कव्हरही. संजय मधे बसून नियम इंग्रजीत सांगत होता आणि आई त्याला मराठीत दुरुस्त करत होती. निघताना त्यांनी लॉइडच्या हातात चिवड्याचा डबा दिला आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले. लॉइडने बोर्डाबरोबर ते बुटकं टेबल आणि खुर्चीही त्यांच्या गाडीत ठेवली.

पुढचे नऊ दिवस जेवण झालं की डायनिंगच्या बाजूने स्ट्रायकरचा आवाज येई. संजय दुपारच्या मीटिंगा कॅन्सल करून हरायला बसे. बारा तारखेच्या पहाटे त्याने बोर्ड फोममध्ये बांधायला घेतला, तर आईने अडवलं.

"मला नको. इथेच राहू दे."

विमानतळावरून परत आल्यावर तो टेबलापाशी गेला. बोर्ड पुसून स्वच्छ केलेला होता. अक्रोडाच्या बाजूला, जिथे तो बसायचा तिथल्या रेषेवर, टवका उडालेला स्ट्रायकर ठेवला होता. त्याने घाईघाईने फोन लावला. ती अजून गेटवरच होती.

"आई, बाबांचा स्ट्रायकर राहिला ना इथे."

"राहिला नाही, ठेवलाय," ती म्हणाली. "मे महिन्यात परत येईन तेव्हा आठवणीने आणायचं कुठे लक्षात राहतंय. आणि तोवर जरा हात बसव, संजू. तुझ्या बाबांइतकं तरी खेळ."

मागे विमानाची घोषणा चालू होती. संजय तिच्या जागी, पाय कापलेल्या खुर्चीत बसला आणि त्याने पावडरचा डबा उघडला.