विसरलेला आकडा म्हणजे मी नव्हे

मी शून्य बोलतोय. फळ्यावर खडूने काढलेलं नव्हे. तुम्ही काहीच सांगत नाही, तेव्हा तुमच्या वतीने येऊन बसतो, तो मी.

माझा जन्म दोन टेबलांच्या एका खोलीत झाला. तिथे ताई गणिताचं सॉफ्टवेअर लिहायची. त्यात मॅट्रिक्स लागत, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेले आकडे. कुणी नुसतंच म्हटलं, 'चार ओळी, चार रकाने', तर आत काय ठेवायचं? पूर्वी संगणकाच्या मेमरीत आधीच्या आकड्यांचा जो कचरा पडलेला असे, तोच हाती यायचा. ताईने तिथे मला नेमलं. न बोलणाऱ्या माणसाचाही कुणी इतका विचार करतं, याचं मला आजही नवल वाटतं.

मी हुरळून गेलो. कुणी आकडे कमी दिले, तरी उरलेल्या जागांत ऐसपैस बसायचो.

दुसऱ्या टेबलावर ताईचा धाकटा भाऊ बसे, पूल बांधणारा इंजिनिअर. नदीवरच्या पादचारी पुलाचे खांब किती जाड हवेत, हे तो एके दिवशी तिच्याच सॉफ्टवेअरवर काढत होता. आराखडा त्याच संध्याकाळी मंजुरीला जायचा होता. उत्तर झकास आलं. खांब बारीक चालतील म्हणून स्वारी खूश. ताईने सहज पडद्यावर डोकावून पाहिलं.

"शेवटच्या खांबावर काहीच भार नाही?"

भावाचा चेहरा उतरला. त्या खांबाचा आकडा टाकायचा राहिला होता, तिथे मी बसलो होतो आणि सॉफ्टवेअरने चकार शब्द काढला नव्हता.

"माझीच चूक, ताई. तुझ्या सॉफ्टवेअरचा काय दोष?"

"ते मिठाची गुळणी धरून बसलं, हा दोष. विसरलेला आकडा म्हणजे शून्य नव्हे."

ती लगेच कामाला लागली. काहीच दिलं नाही, तर मी येणार. पण कमी दिलं, तर सॉफ्टवेअर थांबून विचारणार. माझ्या हातची केवढी जागा गेली! तरी मी थक्क होऊन बघत राहिलो. मुद्दाम मोकळं सोडणं वेगळं आणि सांगायचं राहून जाणं वेगळं, हा फरक माणसं एकमेकांच्या बाबतीतही क्वचितच करतात. ताईने तो यंत्राला शिकवला.

भावाने पुन्हा हिशेब केला. सॉफ्टवेअर अडलं, 'एक आकडा कमी आहे' म्हणालं. त्याने तो भरला आणि खांब जाड झाला.

मला खुशाल बोलवा, मी स्वच्छ जागा घेऊन येईन. पण तुमचं काही सांगायचं राहिलं असेल, तर तिथे मला बसवू नका. तो पूल आता उभा आहे आणि त्या दोघांची आई रोज त्यावर फिरायला जाते. शेवटच्या खांबावर आली की कठड्याला टेकून निर्धास्त दम खाते. मी तिथे नाही, म्हणून.