उघडेबाबाची नजर

सिंहस्थाच्या त्या वर्षी तपोवनात उघडेबाबा येऊन बसला आणि आठ दिवसांत पंचवटीतल्या बायका अंगावर दोन-दोन लुगडी नेसू लागल्या.

बाबा कुठल्याच आखाड्याचा नव्हता. अंगाला राख फासलेली, बाकी काही नाही. पुढे भक्तांनी वाहिलेल्या लुगड्यांचा ढीग. बायका त्याच्या पाया पडत, पोरींनाही पडायला लावत. तो वासनेच्या पलीकडे गेलेला, म्हणून त्याच्या नागवेपणाचं कुणालाच काही वाटत नव्हतं. भीती होती ती त्याच्या डोळ्यांची.

"माई, हमने कपडा छोडा, तो हमारी आँख से सबका कपडा गिर गया!" असं ओरडून तो समोरच्या बाईकडे बोट दाखवी. "तेरी मांडी पे भाजल्याचा डाग. है के नहीं?"

डाग असेच. बाई मटकन खाली बसे, गर्दी जयजयकार करी आणि प्रत्येकजणी पदर आवळून घेई. मी मुलींच्या शाळेत शिकवते. कापडाच्या आरपार कुणाला दिसत नाही हे मला कळत होतं. तरी माझाही हात पदराकडे जाई.

मग आमच्या चंद्रभागेची पाळी आली. ही माझा धाकटा भाऊ नाथा याची बायको, कुशीत दोन महिन्यांचा मुलगा. घरोघर कामाला जाणाऱ्या भागीबाईने तिला हाताला धरून पुढे केलं.

"महाराज, ही नाथाची बायको."

बाबाने डोळे मिटले, उघडले. "छाती के नीचे काळा डाग. नागीण का! ये दूध जो पिएगा, वो नहीं जिएगा."

नाथाने तिथेच मूल हिसकावून घेतलं.

तीन दिवस मूल गाईच्या पाणी घातलेल्या दुधावर होतं, आणि तेही ओकून टाकत होतं. तिसऱ्या दिवशी त्याची टाळू खोल गेली, रडणं मांजराच्या पिल्लासारखं बारीक झालं. चंद्रभागा भिंतीकडे तोंड करून बसलेली, चोळी दुधाने भिजलेली.

"नाथा, दे तिच्याजवळ. मरेल ते."

"अक्का, डाग खरा आहे. बाबाला दिसला कसा? आणि आईचं कसं कळलं त्याला?"

आई जाऊन चार महिने झाले होते. "तेरी माँ छाती में गाठ लेके गई," असं बाबाने मला सगळ्यांदेखत सांगितलं होतं. आईने ती गाठ कुणालाच दाखवली नव्हती. डॉक्टर आले तेव्हा दाराआडून फक्त मनगट पुढे केलं. "परक्या पुरुषापुढे अंग उघडं करू? त्यापेक्षा मेले तरी चालेल," म्हणाली. मी गाठ पाहिली ती तिला शेवटची आंघोळ घालताना.

मी, आणि पाणी ओतणारी भागीबाई.

बाळंतिणींना तेल लावणारी, न्हाऊ घालणारी भागीबाई. आमच्या बायका डॉक्टरपासून अंग लपवतात, नवऱ्यापुढे दिवा मालवतात. पण भागीबाईपुढे सगळं उघडं टाकतात, कारण तिला कुणी पाहणारं माणूस धरतच नाही. बाबाला डाग दिसले ते सगळे लेकुरवाळ्यांचे. मी बालविधवा. माझं अंग तिने पाहिलं नव्हतं.

चंद्रभागेने माझ्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली, दौतीतल्या शाईने रुपयाएवढा डाग काढला. तो वाळल्यावर मी भागीबाईला तेल लावायला बोलावलं.

"अगं बया, केवढा डाग ह्यो!"

"तिथे नका चोळू, दुखतो. आणि कुणाला सांगू नका."

"म्या कशाला सांगू, ताई?"

ती गेल्यावर आम्ही लिंबाने आणि साबणाने पाठ घासून स्वच्छ केली.

दुसऱ्या सकाळी भागीबाईने मलाही हाताला धरून पुढे नेलं. बाबा गरजला, "पीठ पे काळा डाग! पिछले जनम का पाप! इसी लिए विधवा!"

मी गर्दीकडे पाठ केली, चोळीची गाठ सोडली, चोळी छातीशी घट्ट धरली आणि पाठ उघडी केली.

"निर्लज्ज!"

"मास्तरीणबाई, झाका की!"

पुरुषांनी तोंडं फिरवली. माझ्यापासून दोन हातांवर एक पुरुष साफ नागवा बसला होता. त्याला झाकायला कुणी सांगितलं नाही.

"शिव्या मागाहून द्या," मी म्हणाले. "आधी डाग दाखवा."

शेजारच्या म्हाताऱ्या सखुबाई पुढे आल्या. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, पदराने पुसूनही पाहिलं. "आरं, पाठ कोरी हाय की!"

मी शाईची गोष्ट सांगितली. सगळ्यांची नजर भागीबाईकडे वळली.

"म्हाराज रोज इचारायचे," ती रडू लागली. "खुणा सांग, लुगडं देतो म्हनले. लेकराच्या जिवावर येईल असं नाय वाटलं हो!"

बाबाने ढिगातलं एक हिरवं लुगडं ओढलं, कमरेला गुंडाळलं आणि नदीच्या दिशेने पळाला.

चंद्रभागा त्या धुळीतच बसली. "द्या इकडं," ती नाथाला म्हणाली. त्याने मान खाली घालून मूल दिलं. मुलाला तोंडात धरायचीसुद्धा ताकद नव्हती. तिने दूध पिळून थेंब थेंब ओठांवर सोडलं. बऱ्याच वेळाने एक घोट गेल्याचा आवाज आला. कुणीतरी तिच्यावर पदर ओढायला वाकलं, तर सखुबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पिऊ दे त्याला."

दुपारी आम्ही दोघांना नुकत्याच आलेल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. चंद्रभागेचा डाग म्हणजे साधी जन्मखूण होती. मूल वाचलं.

नागव्या पुरुषात देव दिसावा आणि दूध पाजणाऱ्या बाईच्या अंगात पाप दिसावं, हे आपल्याला कोणी शिकवलं, याचा विचार करा. शरीर शरीरच असतं. दुखलंखुपलं तर ते डॉक्टरांना दाखवा. आणि तुमच्या अंगाची गोष्ट कुणी चारचौघांत सांगू लागला, तर हात जोडण्याआधी त्याला एवढंच विचारा: तुला हे कोणी सांगितलं?