सतरा नंबरचं गेट

कालव्याची गेटं उघडणारा पाटकरी बिराप्पा सतरा नंबरच्या गेटपाशी कालव्यात पडून गेला, त्याला आठ महिने झाले होते. त्याची लेक स्वप्नाली साताऱ्यात बसून त्याच कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या काढायची. दोनशे गेटं, हजारो शेतं. हे काही एका झटक्यात सुटणारं गणित नव्हे. संगणक फेऱ्या मारतो, दर फेरीत चूक थोडी कमी करतो. फेऱ्या आटोक्यात राहाव्यात म्हणून त्याला आधी कालव्याचा ढोबळ आराखडा द्यावा लागतो, कुठलं गेट कुणावर अवलंबून आहे याचा. त्याला प्रीकंडिशनर म्हणतात.

पाच वाजेपर्यंत पाळीचा तक्ता गेला नाही, तर टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या तीन गावांचं पाणी महिनाभर लांबणार होतं. आणि संगणक दुपारपासून अडून बसला होता. नऊशे फेऱ्या झाल्या तरी चूक हलेना. ती कुठं साठलीय ते तिनं पाहिलं. गेट सतरा. आकडे बदलून पुन्हा चालवलं, तरी गेट सतराच. तिच्या अंगावर काटा आला. बिराप्पा अजून तिथं पाणी सोडतो, असं गावात बोललं जायचंच. इंजिनिअर झाली म्हणून भीती थोडीच जाते?

वर्षश्राद्धापर्यंत ते गेट उघडायचं नाही असं गावानं ठरवलं, तेव्हाच तिनं आराखड्यातून ते पुसून टाकलं होतं. तरीही मोजणीचं यंत्र रोज तिथून पाणी वाहताना दाखवायचं, आणि ते आकडे गणितात जायचे. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिनं कानाडोळा केला होता.

तिनं कडेगावला भावाला फोन लावला.

"विश्वजित, सतरा नंबर कोण उघडतं रं?"

"आई जातीया, ताई. रोज सकाळी. टेलची रानं वाळाय लागली तवापासनं. तुला सांगू नगं म्हणली, तू लय भेतीस म्हणून."

स्वप्नालीला स्वतःची लाज वाटली. जे गेट तिला आराखड्यातसुद्धा नको होतं, तिथं साठीची बाई एकटी चाक फिरवत होती.

तिनं गेट सतरा परत घातलं, खालची तिन्ही गावं त्याला जोडली. चाळीस फेऱ्यांत गणित सुटलं.

पाळीच्या तक्त्यात प्रत्येक गेटापुढं उघडणाऱ्याचं नाव लागतं. सतरापुढं अजून बिराप्पाच होता. तिनं रडत रडत ते नाव खोडलं आणि आईचं पूर्ण नाव लिहिलं. धोंडुबाई बिराप्पा कोळेकर. वडील पुन्हा तिथंच येऊन उभे राहिले.