बिनतिकिटाचा दिवस

सोफावाल्या काकूंच्या दुकानात एकच नियम होता: आधी उसवू, मग बोलू.

गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "काकू, हा सोफा टाकून देऊ की भरून घेऊ?" काकू दातांत धरलेली टाचणी काढून तेवढंच सांगायच्या आणि कात्री हातात घ्यायच्या. वरून झकपक आणि आतून लाकडाचा भुगा, असे सोफे त्यांनी पाहिले होते. मांजरानं वरून पार लक्तरं केलेली आणि आतून ठणठणीत, असेही पाहिले होते. त्यामुळे नुसतं कापड बघून मत देणाऱ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यात त्यांचा मुलगाही आला, आणि तो तर हिशेबनीस होता.

"आई, तो आठवडा परत करून टाकू या," तो जेवताजेवता म्हणाला.

काकांचा घास हातातच राहिला.

तो आठवडा म्हणजे काकांच्या आयुष्यातली एकमेव उधळपट्टी. लिफ्ट दुरुस्त करण्यात उभी हयात घालवलेला हा जपून पाऊल टाकणारा माणूस एकदा एका मोठ्या थीम पार्कच्या दारात फुकट नाश्त्याच्या कुपनाला भुलला आणि नाश्ता संपायच्या आत टाइमशेअर घेऊन बाहेर आला. पार्कला लागून एक इमारत, तिच्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, त्या फ्लॅटचे बावन्न मालक आणि प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातला एक आठवडा. काकांच्या वाट्याला शाळांच्या सुट्टीतला आला. तो त्यांनी वाढदिवसाचं निमित्त करून काकूंच्या नावावर केला. दरवर्षी देखभालीचा खर्च भरायचा आणि सात दिवस मालक म्हणून मिरवायचं. "कुणाचा बंगला असतो, कुणाची बाग असते. आमचा आठवडा आहे," असं काकू चारचौघांत म्हणायच्या, तेव्हा त्यात टोमणा किती नि कौतुक किती, हे काकांना अजूनही उलगडलं नव्हतं.

सुरुवातीला मालकांना पार्कची तिकिटं सवलतीत मिळायची. मग सवलत गेली. मग तिकिटं वाढली. मग दिवस बघून भाव ठरायला लागला, आणि सुट्टीतला भाव सगळ्यांत चढा. आता तर रांगेत कमी वेळ उभं राहायचं असेल तर त्याचेही वेगळे पैसे.

"खोलीत जे वाचतं, त्याच्या कितीतरी पट गेटावर जातं," मुलगा म्हणाला. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झालाय, बाबा. कंपनी सध्या आठवडे परत घेतेय. हातात काही येणार नाही, पण दरवर्षीचा खर्च सुटेल. या सुट्टीपर्यंतच मुदत आहे. पुढे घेतील की नाही, कुणास ठाऊक."

"ऐकलंस? माझ्या आठवड्याला कोंबडी म्हणतो हा!" काकांनी सुनेकडे तक्रार केली.

"अहो बाबा, म्हण आहे ती," सून हसू दाबत म्हणाली.

"आणि तुमच्यामागे हे लोढणं माझ्याच गळ्यात येणार," मुलगा म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यालाच ते लागलं. तो ताटात बघायला लागला.

"हिशेब बरोबर आहे तुझा," काकू म्हणाल्या.

आता मात्र सगळ्यांनीच माना वर केल्या. काकूंनी कुणाचं म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य केलं की समजावं, पुढे काहीतरी वाढून ठेवलंय.

"हिशेब बरोबर, पण तू गादी आणि लाकूड एकाच काट्यावर तोलतोयस. खोली वेगळी, पार्क वेगळा. त्या नाश्तेवाल्यानं दोन्हींना मिळून एकच शिलाई मारली, आणि आपण ती आजवर उसवलीच नाही."

"अगं पण पार्क नाही तर तिथे जायचं कशाला? खोलीत बसायला?"

"तेच बघायचंय. मला सांग, ती खोली दुपारची कशी दिसते?"

मुलगा आठवायला लागला. तो तिथे जायला लागला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता त्याची मुलगी अकरा वर्षांची झाली होती. पण दुपारची खोली त्यानं पाहिली नव्हती. कुणीच पाहिली नव्हती. काकांचा दंडकच होता तसा. तिकीट काढलंय ना, मग वसूल करा! उजाडलं की बूट घालून काका दारात उभे, सगळ्यांना बाहेर काढून कुलूप, आणि परत यायचं ते पार्कचे दिवे मालवल्यावर, पाय ओढत. काका स्वतः एकाही राइडमध्ये बसत नसत. "ही म्हणजे दोर तुटलेली लिफ्टच. आम्ही जन्मभर तुटू नये म्हणून झटलो, आणि इथे लोक पैसे मोजून तुटल्याची मजा घेतात," असं म्हणून ते खाली बाकावर सगळ्यांच्या पिशव्या राखत बसायचे.

काकूंना तो आठवडा हवा होता. एरवी मुलगा आणि सून यायचे ते दारात बूट काढतानाच निघायची वेळ सांगत. त्या एका आठवड्यात मात्र पाचही जण एका छपराखाली झोपायचे, आणि काकूंच्या पायाखाली शिलाईमशीन नसायचं. पण आपल्याला हवंय म्हणून मुलाच्या गळ्यात लोढणं अडकवायचं, हे त्यांच्या धंद्यात बसणारं नव्हतं. खराब लाकडावर त्यांनी कधी नवं कापड चढवलं नव्हतं.

"यंदा पहिला दिवस बिनतिकिटाचा," त्यांनी जाहीर केलं. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोलीतच. संध्याकाळी भिंगरीला विचारायचं. ती म्हणाली 'घरी चला', तर मी तिथल्या तिथे परतीच्या कागदावर सही करीन."

भिंगरी म्हणजे नात. गरगर फिरणाऱ्या एकूण एक राइडमध्ये बसून वर आइस्क्रीम मागणारी, म्हणून भिंगरी.

"आई, न्यायाधीश तरी जरा बघून नेमा," सून म्हणाली. "ही काही तुमची बाजू घ्यायची नाही."

"म्हणून तर नेमली."

"पण मला नवीन राइड..." भिंगरीनं सुरुवात केली.

"न्यायाधीशांनी खटल्याआधी बोलायचं नसतं," काकू म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या.

आठवड्याच्या पहिल्या दिवशी सकाळी, पार्कशेजारच्या त्या फ्लॅटमध्ये, काका सवयीनं बूट घालून दारात उभे राहिले.

"अहो, बसा."

"नुसता?"

"नुसते."

काका बूट न काढता खुर्चीच्या टोकावर बसले. बस चुकलेल्या माणसासारखे. खालून पार्कमधली पहिली सामुदायिक किंकाळी आली, तेव्हा त्यांनी कळवळून घड्याळ बघितलं.

मग ऊन आत आलं. स्वयंपाकाच्या ओट्यावरून सरकत सरकत ते टेबलापर्यंत आलं. टेबल लाकडी आहे, हेच कुणाला माहीत नव्हतं. रात्रीच्या दिव्यात ते काळं दिसायचं. गॅलरीच्या मागच्या बाजूला एक तळं निघालं. तळं! त्यात बदकंही होती.

"हे यंदा बांधलं का?" काकांनी विचारलं.

"बाबा, त्या झाडांचे बुंधे बघा," मुलगा म्हणाला. "हे तुमच्या आठवड्याच्याही आधीचं आहे."

सुनेनं गॅलरीत खुर्ची ओढली आणि पाय कठड्यावर टाकून पुस्तक उघडलं. सासूसमोर तिनं असे पाय पहिल्यांदाच वर टाकले होते. काकूंनी ते पाहिलं आणि काही न बोलता तिच्या पायांखाली उशी सरकवली.

दुपार झाली तसा भिंगरीला कंटाळा आला. साधासुधा नाही, अगदी वाजतगाजत आला. ती या खोलीतून त्या खोलीत गेली, फ्रिज उघडून बंद केला, तीनदा सुस्कारे टाकले आणि शेवटी सोफ्यावर उलटी लोंबकळली, पाय त्याच्या पाठीवर, डोकं खाली. काकूंनी तिच्याकडे एकदा बघितलं. पण त्या बटाटे सोलत राहिल्या. उसवताना मध्येच हात थांबवायचा नसतो.

"आजी," खाली डोकं करून भिंगरी म्हणाली, "याच्या पोटात एक दांडी आहे."

"कुणाच्या?"

"सोफ्याच्या."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. बेडरूम मुलाच्या कुटुंबाला दिलेली, त्यामुळे बाहेरच्या या आखूड सोफ्यावर काकू वर्षानुवर्षं गुडघे हनुवटीला टेकवून झोपत आल्या होत्या, आणि काका खाली सतरंजीवर. आणि काकूंनी शपथ घेतली होती की, सुट्टीच्या आठवड्यात कुठल्याही सोफ्याकडे धंद्याच्या नजरेनं बघायचं नाही. ती त्यांनी तंतोतंत पाळली होती.

काकूंनी हात पुसले. वाकून बैठकीच्या कडेखाली बोटं फिरवली. कड नव्हतीच ती, झाकण होतं. गाद्या उचलल्या, दांडी धरली आणि ओढली. कुरकुर करत, एक ढांगभर पुढे येत, त्या सोफ्यानं आपलं पोट उघडलं आणि समोर ऐसपैस दोघांचा पलंग पसरला.

मुलगा पलंगाभोवती एक फेरी मारून आला.

"आई," मुलगा अगदी हळू म्हणाला, "तू... सोफावाली..."

"एक शब्द बोललास तर याद राख."

गॅलरीतून सुनेचं हसू फुटलं, ते इतकं की पुस्तक खाली पडलं. मग मुलगा हसला, मग काकू, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काका तेवढे हसले नाहीत. ते बूट काढून गुडघ्यांवर बसले होते आणि पलंगाच्या सांध्याला कान लावून ऐकत होते.

"डावी स्प्रिंग अडकतेय," ते म्हणाले. "भिंगरी, टॉर्च धर. आणि स्वयंपाकघरातून थोडं तेल आण."

त्यानंतर भिंगरीचे फक्त पाय दिसत होते. सोफ्याखालून काकांचा आवाज येत होता. घरी दिवसातून मोजकी वाक्यं बोलणारे काका वजन, ताण, लिफ्टच्या मागे उतरणारा लोखंडी भार, सगळं एका दमात सांगत होते. "म्हणजे आपण वर जातो तेव्हा तो खाली येतो? मग राइडला पण असतो का?" "राइडला कसला असतोय! म्हणून तर मी बसत नाही." पलंग आत-बाहेर, आत-बाहेर सरकत होता, दर खेपेला थोडा कमी कुरकुरत.

मुलगा ओट्याशी आला आणि सुरी घेऊन बटाटे चिरायला लागला.

"मला वाटायचं, तुलाच हे नकोय," तो मान वर न करता म्हणाला. "दरवर्षी परत येतेस तेव्हा नुसती गळून गेलेली असतेस. म्हटलं, बाबांच्या हौसेपायी रेटतेयस."

"म्हणून हिशेब काढलास?"

"थोडा म्हणून. थोडा खरंच म्हणून. लोढणं म्हणालो ते लागलं का?"

"लोढणं असेल तर ते म्हणायलाच हवं," काकू म्हणाल्या. "आणि बारीक चीर. हत्तीला घालायचेत का?"

काका त्या पलंगावर आडवे झाले ते नुसती चाचणी घ्यायला, आणि घोरायला लागले. भर दुपारी, उजेडात. खाली पार्कमध्ये लोक दर थोड्या वेळानं किंचाळत होते आणि इकडे काका त्यांना तालात उत्तर देत होते.

संध्याकाळी सगळे टेबलाभोवती बसले. परतीचा कागद मुलाच्या पिशवीत होता. तो त्यानं काढून ठेवला. काकूंनी पेन समोर घेतलं. दिलेला शब्द म्हणजे शब्द.

"बोला, न्यायाधीश."

"मला कंटाळा आला," भिंगरी म्हणाली. "दुपारी तर खूपच आला."

काकूंनी पेनाचं टोपण काढलं. कागद जवळ ओढला. आतलं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"मग घरी चला म्हणतेस?"

"घरी कशाला?" भिंगरीनं आजीकडे असं बघितलं, जणू ती काहीतरीच बोलतेय. "उजवी स्प्रिंग राहिलीय अजून. आजोबा म्हणालेत, उद्या. पण मला ती नवीन राइडसुद्धा हवी. एकदाच."

सगळ्यांच्या नजरा हिशेबनिसाकडे गेल्या. त्यानं परतीचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला थोडा वेळ काहीतरी खरडलं.

"पार्क एकच दिवस," तो म्हणाला. "साधं तिकीट, सगळ्यांबरोबर रांगेत. भिंगरी आणि मी. बाकी दिवस तळं. असं धरलं तर, आई... नुसत्या देखभालीच्या खर्चात दोन खोल्या, ओटा आणि गॅलरी आठवडाभर बाहेर कुठे मिळत नाहीत. मी कोंबडीचा भाव मसाल्यासकट लावला होता."

"परत कोंबडी!" काका म्हणाले.

"आणि तिकीट अजून वाढलं तर?" सुनेनं विचारलं.

"वाढू दे ना," काकू म्हणाल्या. "तिकिटाच्या नानाची टांग. ते गेट त्यांचं, दुपार आपली. पण ऐक रे, देखभालीचा खर्चच उद्या खोलीच्या डोक्यावर बसला, तर तू सांगायची वाट बघणार नाही मी. त्या दिवशी माझ्या हातानं सही करीन. सोफा कितीही आवडता असला तरी वाळवी पाळत नाही मी."

त्यांनी टोपण लावलं आणि पेन न्यायाधीशांना बक्षीस दिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काका उठले. सवयीनं बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि दाराकडे निघाले. मग मागे वळून बघितलं. काकू पाय लांबच्या लांब पसरून झोपल्या होत्या. त्या इतक्या उंच आहेत, हे त्या सोफ्यावर कधी कळलंच नव्हतं.

काका पलंगाच्या काठावर बसले. एक बूट काढला. मग दुसरा.

"अहो, काय झालं?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही," काका आडवे होत म्हणाले. "वसूल करतोय."