मिल लेनवरचे पाच तास चौतीस मिनिटे

कॉल्डरशॉ गावात जोसाया हॉलरॉइड कोळशाची घोडागाडी हाकत असे. त्याचा मुलगा एमॉस याने लोकरीच्या गिरणीची पहिली मालमोटार चालवली. एमॉसचा मुलगा विल्फ्रेड याने एकतीस वर्षे गावची बस चालवली, आणि तेवढ्या काळात रस्त्यावरच्या कुत्र्यामांजरालासुद्धा त्याच्यापासून इजा पोहोचली नाही. अशा घराण्यात एनिड जन्मली. लग्न करून ती सग्डनांची झाली, पुढे वैधव्य आले, वयाची ऐंशीही उलटली. परंतु गाडीच्या स्टिअरिंगवर हात ठेवला की ती हॉलरॉइडच असे. साठ वर्षांत तिला एकदाही दंड झाला नव्हता, आणि ही गोष्ट ती कोणाला सांगत नसे, कारण ती सर्वांना ठाऊक आहे असे ती गृहीत धरून चालत असे.

म्हणून मार्च महिन्यात ते पहिले पत्र आले, तेव्हा पत्ता चुकला असावा असेच तिला वाटले. मिल लेनवर, जिथे पूर्वी गिरणी होती, तिथे आता मोठमोठी दुकाने आहेत आणि त्यांच्यापुढे गाडीतळ आहे. दोन तास फुकट, त्यापुढे दंड. पत्रात तिच्या हिरव्या गाडीचे दोन फोटो होते. मंगळवार, चार मार्च. आत, दहा वाजून सात मिनिटे. बाहेर, तीन वाजून एकेचाळीस मिनिटे. एकूण मुक्काम पाच तास चौतीस मिनिटे. दंड शंभर पौंड. चौदा दिवसांत भरल्यास साठ.

एनिडने चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचले. त्या दिवशी ती मिल लेनवर एकदा नव्हे, दोनदा गेली होती. सकाळी जिन्यातला दिवा आणला. घरी येऊन पाहते तो तिच्या जुन्या खोबणीत दाबून बसवायचा दिवा हवा असताना फिरवून बसवायचा आणलेला. ही चूक त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या घरोघर होत आली आहे. दुपारी जेवण करून ती तो बदलायला गेली. मग मधले चार तास गाडी तिच्या दारात उभी होती. मिल लेनवर कशी असेल?

तिने सुवाच्य अक्षरात हरकत लिहून पाठवली. आपण खरे बोलतो आहोत हे दिसावे म्हणून दुकानाच्या दोन्ही पावत्याही जोडल्या. तिथेच घात झाला. उत्तर आले: सकाळची पावती आणि दुपारची पावती, दोन्ही पाहता आपण दिवसभर याच आवारात होता हे सिद्ध होते. आमचे कॅमेरे अचूक आहेत. हरकत फेटाळण्यात येत आहे. स्वतंत्र लवादाकडे दाद मागायची असल्यास मुदत अठ्ठावीस दिवस.

रविवारी मुलगा जेफ्री जेवायला आला. तो विम्याच्या कचेरीत होता आणि प्रत्येक गोष्टीत धोका किती टक्के हे बघायची त्याला खोड होती. गोमांसाचा रोस्ट कापता कापता त्याची नजर कपाटावरच्या पत्रावर गेली.

"हे काय, मम?"

"कागद आहे. जेव."

त्याने तो वाचला आणि सुरी खाली ठेवली. "साठ भरून मोकळी का नाही झालीस? सगळे तेच करतात."

"सगळे करतात म्हणून मी खोटं कबूल करू? तुझ्या आजोबांनी ऐकलं असतं तर कानाखाली वाजवली असती."

"मम, पैशाचं नाही गं." त्याचा आवाज एकदम मऊ झाला, आणि एनिडला भीती वाटली ती त्या मऊपणाची. "कॅमेरा विसरत नाही. माणूस विसरतो. मेव्हिस मावशीचंही असंच सुरू झालं होतं ना? ती गाडीतच बसून राहिली होती, दुकानासमोर. तीन तास. तिला वाटत होतं आत्ताच आलेय."

मेव्हिस एनिडची धाकटी बहीण. आता ती एका शुश्रूषागृहात होती आणि एनिडला 'सिस्टर' म्हणून हाक मारत असे. परंतु ती नर्सला मारावी तशी.

"मी घरी आले होते," एनिड म्हणाली. "जेवले. एकच्या बातम्या ऐकल्या."

"त्या मंगळवारी? की आधीच्या?"

एनिडने आठवून पाहिले. मंगळवारी ती बटाट्याचा थर दिलेला खिमा खाते, एकच्या बातम्या ऐकते, ताट धुऊन ठेवते. गेली बावीस वर्षे. शिस्तीने जगणाऱ्या माणसाचे दिवस एकाच साच्यातून काढलेल्या विटांसारखे असतात. त्यातली एक वेगळी काढून दाखव म्हटले तर कोणती दाखवायची?

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "लवादाकडे जाते. तिथे हरले तर गाडीच्या किल्ल्या या टेबलावर ठेवीन, आणि तू मला डॉक्टरकडे ने. पण जिंकले तर मेव्हिसचं नाव माझ्यासमोर पुन्हा या सुरात काढायचं नाही, जेफ्री."

त्याने मान हलवली. आई शब्द देते तेव्हा तो कर्जरोख्यापेक्षा पक्का असतो, हे तो लहानपणापासून जाणत होता.

त्यानंतरचे दिवस एनिडला फार जड गेले. शब्द तर देऊन बसली होती, पण पुरावा कुठला? शेजारचे लोक चार मार्चला स्पेनमध्ये होते. टपालवाल्याला आठवत नव्हते. सकाळी उठल्यावर ती आरशासमोर उभी राहून इंग्लंडच्या राजाराण्यांची नावे क्रमाने म्हणून पाही. एकदा एक नाव गाळले गेले आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चहाची किटली ठेवल्यावर ती तिथेच उभी राहू लागली, विसरेन या भीतीने. किल्ली हातात घेई, परत खुंटीला लावी. खरोखरच मी त्या तळावर गाडीत बसून होते काय, समोरच्या काचेकडे बघत, मेव्हिससारखी? आणि खिमा, बातम्या, धुतलेले ताट हे सगळे मनाने मागाहून रचले काय? ज्या मनाला विचारायचे तेच आरोपी, मग साक्ष कोणाची घ्यायची?

मुदत संपायला सहा दिवस उरले तेव्हा ती बसने मिल लेनवर गेली. गाडी न्यायचे धाडस झाले नाही. बाहेर पडायच्या रस्त्यालगत, कॅमेऱ्याच्या खांबाखाली, ती हातातली पिशवी घट्ट धरून उभी राहिली. कॅमेरा गाड्यांचे मागचे नंबर टिपत होता. एक गाडी गेली, दुसरी गेली. मग आवारातल्या थांब्यावरून गावची बस वळून आली. बाजूच्या ओळीत एक लाल गाडी अडकली होती. बसचालकाने दिवे उघडझाप करून तिला पुढे घेतले आणि तिच्या मागोमाग, अगदी चिकटून, बस बाहेर पडली. एनिडने वर पाहिले. खांबावरून लाल गाडीचा नंबर दिसणे शक्यच नव्हते. मध्ये बसची भिंत होती.

आणि तिला तो आवाज आठवला. काच तडकल्याचा.

त्या दिवशी तिलाही बसनेच वाट दिली होती. तिने वडिलांच्या शिकवणीप्रमाणे आभाराचा हात वर केला होता. स्टिअरिंगवरून नुसती दोन बोटे उचलायची नाहीत, पुरता तळवा दाखवायचा, असा विल्फ्रेडचा दंडक. हात खाली घेते न घेते तोच मागे काहीतरी खळ्ळकन फुटले होते. आरशात पाहिले तर एक मालमोटार बसला घासून उभी. हे काही दर मंगळवारी होत नाही! ही वीट वेगळी होती.

पण ती चार मार्चचीच होती का? ती तशीच तडक बसच्या आगारात गेली.

खिडकीतल्या तरुणीने ऐकून घेतले आणि तिकडच्या रीतीने लाडाचा शब्द लावत गोड आवाजात नकार दिला. "बसमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण महिन्याने पुसलं जातं, लव्ह. आता मे लागला. आणि तसंही बाहेरच्यांना देत नाहीत."

"मी बाहेरची नाही," एनिड ताठ होऊन म्हणाली. "या आगारात मी सहा वर्षांची असल्यापासून वडिलांचा डबा घेऊन येत होते. विल्फ्रेड हॉलरॉइड. तुझ्या साहेबांचे साहेबही तेव्हा जन्मले नव्हते."

मागे कागदी पेल्यातून चहा पिणारा एक चालक थबकला. तिशी-पस्तिशीचा, दाढी नीट कोरलेली, छातीवर नाव: सोहेल हुसेन.

"आंटी, गाडी हिरवी का? छोटी?"

एनिड वळली.

"तुम्हीच त्या! हात वर करणाऱ्या!" तो हसला. "हल्ली कोण आभार मानतं हो? शिवी नाही दिली तरी नशीब समजायचं. तुम्ही अख्खा तळवा दाखवलात. मी म्हटलं, या बाईंना बसवाल्यानंच शिकवलंय. आणि त्याच आनंदात होतो तर त्या गाढवानं माझा आरसा उडवला."

"तारीख," एनिड म्हणाली. "तारीख कोणती होती?"

"चार मार्च. कशी विसरीन? तीन फॉर्म भरले, वर बोलणी खाल्ली. विम्याचं प्रकरण अजून चालू आहे, म्हणून ते चित्रण पुसलेलं नाही."

सोहेलने लगबगीने खुर्ची आणली. एनिड मात्र बसली नाही.

"मग मला ते मिळेल?"

त्याचा चेहरा उतरला. "साहेब कडक आहेत, आंटी. विम्याचं प्रकरण मिटेपर्यंत कोणाला दाखवायचं नाही म्हणालेत. तोंड उघडलं तर मलाच नोटीस." मग त्याने विचारले, "तुम्ही नाव काय म्हणालात वडिलांचं?"

"विल्फ्रेड हॉलरॉइड."

तो तिच्याकडे इतका वेळ बघत राहिला की तिला अवघडल्यासारखे झाले. मग म्हणाला, "पत्ता लिहून द्या. वचन देत नाही."

पाच दिवस काही आले नाही. एनिड सकाळी टपालाच्या झडपेशी जाऊन उभी राही. पडत ती पिझ्झाच्या दुकानांची पत्रके. मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, दुपारी दोनला, दार वाजले. सोहेल गणवेशातच उभा होता. हातात लिफाफा.

"मी साहेबांसमोर साक्षीच्या कागदावर सही केली. म्हटलं, नोटीस द्यायची तर द्या, पण मी जे पाहिलं ते पाहिलं. तासभर ओरडले. मग चित्रणातला फोटो त्यांनी स्वतःच काढून दिला."

फोटोत बसच्या नाकासमोर हिरवी गाडी होती, मागचा नंबर लख्ख, आणि मागच्या काचेतून दिसणारा, वर केलेला तळवा. कोपऱ्यात चार मार्चची तारीख आणि वेळ: दहा वाजून बावन्न मिनिटे. एनिडने त्या तळव्यावरून अंगठा फिरवला. हा आपला हात. ही आपली आठवण. रचलेली नव्हे.

सोबतचा कागद हाताने लिहिलेला होता. *मी बसच्या पुढच्या आसनावर होतो. मी जे पाहिले तेच लिहितो. ही व्यक्ती खरे बोलत आहे आणि त्याबद्दल मी माझे नाव जामीन ठेवतो.*

"असं आता कोणी लिहीत नाही. हे शब्द तुझे नाहीत," ती हळूच म्हणाली.

"नाहीत," सोहेल म्हणाला. "आधी तुम्ही कागद पाठवा. मुदत जाईल."

सोहेलने आपल्या फोनवरून दोन्ही कागदांचे फोटो काढून ते लवादाकडे पाठवले. एनिड मागे उभी राहून प्रत्येक अक्षर तपासत होती. पोच आली तेव्हा चार वाजायला दहा मिनिटे होती.

निकालाला आणखी तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत तिने गाडीला हात लावला नाही. निकाल रविवारी जेफ्रीने मोठ्याने वाचला. दंड रद्द. गाडी सकाळी बाहेर पडल्याचा पुरावा निःसंदिग्ध. शिवाय दुपारी दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी तीच गाडी पुन्हा आत आल्याचा फोटो कंपनीच्याच संग्रहात सापडला होता. तो उघडून बघण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

जेफ्रीने कागद घडी घालून ठेवला. मग उठून त्याने खुंटीवरच्या किल्ल्या काढल्या आणि आईच्या ताटाशेजारी ठेवल्या. "चुकलो, मम."

"रस्सा वाढ," एनिड म्हणाली. "थंड होतोय."

सोमवारी ती स्वतः गाडी चालवत आगारात गेली. पिशवीत आल्याचा गोड पाव होता. उपकार रिकाम्या हाताने फेडायचे नसतात.

"आता सांग," तिने सोहेलला फर्मावले. "मी कोणाचं देणं ठेवत नाही. तुझं किती लागतं?"

सोहेलने खिशातून प्लॅस्टिकमध्ये जपलेला एक पिवळा कागद काढला. "माझे आजोबा, करामत हुसेन. एकोणीसशे चौसष्ट. या आगारातले, बाहेरून आलेल्या आमच्या लोकांतले पहिले कंडक्टर. कोणी त्यांच्यासोबत गाडीवर जायला तयार नव्हतं; तुमचे वडील गेले. मग एक दिवस तिकिटांचा हिशेब जुळेना. तपासनीस म्हणाला, चोरी केली, कागद खोटं बोलत नाही. सगळे गप्प राहिले. तुमच्या वडिलांनी हे लिहून दिलं. पुढे दुसऱ्याचीच चूक निघाली, पण हे नसतं तर तोवर आजोबांची नोकरी गेली असती."

एनिडने कागद घेतला. वडिलांचे उभट, ठाशीव अक्षर तिने चाळीस वर्षांनी पाहिले. *मी बसच्या पुढच्या आसनावर होतो. मी जे पाहिले तेच लिहितो...*

विल्फ्रेड घरी याबद्दल अवाक्षरही बोलला नव्हता. त्याच्या अंत्यविधीला आलेले एक अनोळखी गृहस्थ मात्र तिला आठवले; ते करामत हुसेनच असणार. शेवटच्या बाकावर, टोपी हातात धरून. ते कोण, हे तेव्हा तिने विचारले नव्हते, आणि आज त्याची तिला लाज वाटली.

"आजोबा जाईपर्यंत म्हणायचे," सोहेल म्हणाला, "हॉलरॉइडांची एक सही आपल्या डोक्यावर आहे. पैशानं फिटणारी नाही. सहीनंच फिटेल."

एनिडने कागद घडीवर घडी नीट बसवून त्याच्या हाती परत दिला. मग तिने आपला तळवा उचलला, पुरता, बसवाल्याने बसवाल्याला दाखवावा तसा.

"तुझ्या आजोबांना सांग," ती म्हणाली, "हॉलरॉइडांना सही पोचली. पै न्‌ पै."