ओरखडा असलेले दप्तर

मी एक जुने दप्तर आहे आणि मला भयंकर राग आला आहे. मित्रांनो, दप्तराला कसला आलाय राग, असे तुम्हाला वाटेल. आधी माझे ऐका.

माझा जन्म जपानचा. इथे शाळेच्या दप्तराला रांदोसेरु म्हणतात. पहिलीत पाठीवर चढवलेले दप्तर सहावीपर्यंत पुरावे, इतके मजबूत मला कारागिरांनी शिवले. नातवंडाला पहिले दप्तर आजी-आजोबांनी घेऊन द्यायचे, ही इथली रीत. म्हणून पुण्याहून आलेल्या हेमचंद्र आजोबांनी मला कोबे शहरात राहणाऱ्या त्यांच्या नातीसाठी, पूर्वीसाठी घेतले. दुकानात मला उलटेसुलटे करून ते म्हणाले, "हे तर माझ्या सुटकेसपेक्षा दणकट आहे."

पूर्वीने मला मनसोक्त वापरले. कोबेच्या चढउतारांवर ती मला घेऊन धावली, पावसात भिजली, दमली की माझ्यावरच बसली. एकदा ती दगडी पायऱ्यांवरून घसरली आणि माझ्या झाकणावर लांबलचक ओरखडा उमटला. आतल्या वह्यांना मात्र धक्का लागला नाही. सगळ्यांनी माझे कौतुक केले.

सहावी संपल्यावर मी कपाटात जाणार होते. पण पूर्वीची आई अश्लेषा एका विद्यापीठात काम करते. त्या विद्यापीठाने आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका खेड्याशी नाते जोडले आहे. तिथल्या आईबाप गमावलेल्या मुलांच्या शिक्षणाला ते मदत करतात. इथली दप्तरे त्या मुलांना पाठवायचे ठरले. चिसोमो नावाची मुलगी तिथे पहिलीत जाणार होती. पूर्वीने तिच्या नावाची चिठ्ठी मला बांधली. मी हरखून गेले.

आणि पोचले कुठे? विद्यापीठातल्या सामानाच्या खोलीत!

"ओरखडा असलेली वस्तू भेट देणं म्हणजे समोरच्याचा अपमान," असे तिथले प्रमुख हाराडा-सेन्सेई, म्हणजे हाराडा सर, म्हणाले. माणूस सज्जन, बोलणे मऊ. त्यांनी मला दुरुस्तीला धाडले. परत आले, तर कडेचा रंग किंचित वेगळा दिसला. पुन्हा धाडले. मग पट्टा जुना वाटला. अशी आमची भिंतभर दप्तरे चकचकीत होत पडून राहिली आणि बोटी आमच्याविना जात राहिल्या. अश्लेषासुद्धा मान डोलवत राहिली. एकदा पूर्वी आईबरोबर त्या खोलीत आली. मला पाहून तिचा चेहरा उतरला.

"मादा?" ती जपानीत म्हणाली. "मम्मा, अजून इथेच?"

"अगं, नीट करून पाठवायचंय ना," अश्लेषा म्हणाली. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला तळपाय नाहीत.

मग परवा त्या खोलीतूनच मलावीला व्हिडिओ कॉल लागला. तिकडे त्या मुलांना सांभाळणाऱ्या फिरीबाई होत्या. अश्लेषाने मला कौतुकाने कॅमेऱ्यासमोर धरले.

"छान आहे," फिरीबाई म्हणाल्या. "पण ते तुमच्याकडे का आहे?"

हाराडा-सेन्सेईंनी वाकून माफी मागितली आणि ओरखड्याचे कारण सांगितले.

"त्या ओरखड्यातून पुस्तकं गळतात का?" फिरीबाईंचा आवाज चढला. "चिसोमो खताच्या पिशवीतून पुस्तकं न्यायची. ओढा ओलांडताना सगळी भिजली. वर्गात सगळे हसले, तेव्हापासून ती शाळेत येत नाही. अपमान कशाला म्हणायचं, ते मला सांगू नका."

अश्लेषाचे डोळे भरले होते. तिने मला खोक्यात घातले. "सेन्सेई, ही सगळी दप्तरं आजच जातील. जशी आहेत तशी," ती म्हणाली. हाराडा-सेन्सेईंनी खाली बसून दुसरे खोके उघडले.

आता मी बोटीची वाट पाहत बंदरावर आहे. तरी माझा राग गेलेला नाही. मी पोचेन तेव्हा चिसोमो शाळेत परत येईल का, हे मला कोणीच सांगू शकत नाही.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असे आजवर तुम्हाला प्रत्येक दप्तराने सांगितले असेल. मी नाही सांगणार. चिसोमोने मला चिखलात लोळवावे, माझ्यावर बसावे, मला आणखी दहा ओरखडे पाडावेत. पण तिने शाळेत जावे. तुमच्या कपाटात कोणाच्या तरी नावाचे काही पडून असेल, तर ते पुसत बसू नका. आज द्या.